आइस हॉकी: कोपऱ्यात सापडलेल्या मुलाला पक फेकायला शिकवायचे की राखायला?

मिसिसागाकर:
काल एका पालकांनी इथे लिहिले की, कोपऱ्यात पाठीवर प्रतिस्पर्धी आला की मुलाने पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) मैदानाभोवतीच्या काचेवर आपटून निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या बचाव-क्षेत्राबाहेर काढावा, बाकीच्या करामती मोठ्यांसाठी आहेत. मला हे अजिबात पटले नाही. असा फेकलेला पक बहुधा समोरच्यांनाच मिळतो आणि ते पुन्हा चाल करून येतात. मुलाला आधी मान वळवायला शिकवा. पकापर्यंत पोहोचण्यापूर्वी खांद्यावरून दोनदा मागे पाहिले, की अंगावर येणारा कोणत्या बाजूने येतो आहे हे कळते; मग एका बाजूला हूल द्यायची, तो तिकडे झुकला की स्केटच्या धारेवर उलटे वळायचे आणि त्या वळणात आपली कंबर मध्ये घालून पक त्याच्या स्टिकपासून लांब राखायचा. कॅनडाचा नामवंत खेळाडू सिडनी क्रॉस्बी टाचेला टाच जुळवून वळतो तेव्हा त्याची छाती मैदानाकडे उघडी राहते, म्हणून पुढचा पास त्याला आधीच दिसतो.

कॅलगरीचा बाबा:
बारा वर्षांच्या मुलापुढे क्रॉस्बी ठेवू नका. मी सहा वर्षे सहायक प्रशिक्षक होतो. आमचा एक मुलगा असाच वळायला गेला, पक निसटून थेट आमच्या गोलासमोर मोकळ्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे गेला आणि स्पर्धा तिथेच संपली. शिवाय बोर्डापासून (काचेखालच्या कडेच्या भिंतीपासून) तीन-चार फुटांवर पाठमोरा थांबलेला मुलगा मागून ढकलला गेला, तर त्याचे डोके सरळ बोर्डावर आदळते. खरी चूक 2013 साली झाली. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने पीवी (अकरा-बारा वर्षांच्या) गटातली धडक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने मुद्दाम धक्का देणे, बंद केली आणि तेरा वर्षांची होईपर्यंत मुलांना धक्का अंगावर घेणे ठाऊकच नसते.

एडमंटनची आई:
ती बंदी उगाच आली नाही. धडक चालणाऱ्या अल्बर्टा प्रांतातल्या आणि ती बंद असलेल्या क्यूबेक प्रांतातल्या पीवी मुलांची तुलना 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अल्बर्टात दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक आढळला होता.

कॅलगरीचा बाबा:
तो अभ्यास मी वाचला आहे. माझा थोरला अकराव्या वर्षी धडक शिकला, त्याला कधी काही झाले नाही. धाकटा बंदीनंतरचा, तेराव्या वर्षी धडकेच्या पहिल्याच सामन्यात त्याची कॉलरबोन मोडली. मी कशावर विश्वास ठेवू?

एडमंटनची आई:
माझ्या मुलाला मागून ढकलले होते. तीन आठवडे तो पडदे ओढून पडून होता आणि कुकरची शिट्टीसुद्धा त्याला सोसवत नव्हती. तेव्हा 'अंगावर घ्यायला शिकवा' हे मला पुन्हा ऐकवू नका.

जुना गोलरक्षक:
दोघांनीही जरा थांबावे. कोपऱ्यात शिरणाऱ्याला मागचे दिसत नाही, गोलरक्षकाला दिसते. 'मागे आहे' ही माझी हाक वेळेवर गेली, तर तो गोलामागून फिरून गोलाचाच आडोसा घेतो आणि धडक टळते. हाक मारण्याचा सराव कोणी करून घेत नाही, हे माझे जुने दुखणे आहे.

मिसिसागाकर:
हाकेचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. बोर्डापासून अंतर ठेवून पाठमोरे थांबू नये, हेही खरे. एक तर बोर्डाला चिकटावे किंवा थांबूच नये. मात्र मागे पाहिलेला मुलगा त्या अंतरावर सहसा थांबतच नाही.

कॅलगरीचा बाबा:
मान वळवण्यापुरते तुमचे मान्य करतो, धडकेबाबत नाही. आणि एका गोलाची आघाडी असताना शेवटची वीस सेकंदे उरली असतील, तर माझा मुलगा पक काचेवरच मारेल.