तीन हजारांच्या आसपास एएनसी (बाहेरचा गोंगाट दाबणारे) इअरबड्स: लोकलच्या प्रवासासाठी काय बघून घ्यावेत?

चौथी_सीट
कल्याण ते सीएसएमटी, रोज जाऊन-येऊन अडीच तास. बहुतेक वेळा साधी लोकल, कधीतरी एसी. अँड्रॉइड फोन आहे, ऑफिसात लॅपटॉपलाही जोडायचे आहेत. बजेट २५०० ते ३५००. एका खोक्यावर ३२ डीबी, दुसऱ्यावर ५० डीबी, तिसऱ्यावर नुसतंच ईएनसी. यातलं खरं काय धरायचं? कान लहान आहेत, बड सैल बसतो. पावसाळ्यातही चालायला हवेत.

सोल्डरगन
आधी ईएनसी बाजूला काढा. ते फोनवर समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून असतं, तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वस्त खोक्यांवर हीच तीन अक्षरं सगळ्यात मोठी छापलेली असतात.

एएनसीमध्ये माइक आवाज टिपतो आणि चिप त्याच्या उलट लहर सोडते. बाहेरचा आणि कानाच्या आतला असे दोन्ही माइक वापरले तर ते हायब्रिड. घ्यायचे तर तेच. हे तंत्र सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालतं: एसी लोकलचा ब्लोअर, मोटरची घरघर, ऑफिसचा एसी. साधारण १ किलोहर्ट्झच्या वर त्याची ताकद ओसरते. म्हणजे फेरीवाल्याची हाक, हॉर्न, शेजारच्यांची भांडणं हे सगळं अडवायचं काम रबर टिपचं. डीबीचा आकडा एखाद्याच फ्रिक्वेन्सीवर मिळालेला कमाल आकडा असतो, त्यामुळे ४५ आणि ५० मध्ये निवड करत बसू नका.

तुमचा खरा प्रश्न टिपचा आहे. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक लोक बसवून आलेली मध्यमच वापरतात. बेस असलेलं गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर सील होत नाहीये; दुसरा साइज लावून बघा. दोन कानांना वेगवेगळे साइज लागणं अगदी नेहमीचं आहे. फोमच्या टिप अजून घट्ट बसतात, पण घेताना दोन गोष्टी बघा. नोझल (बडची टिप बसते ती नळी) गोल आहे की लंबगोल, आणि टिप लावल्यावर डबीचं झाकण पूर्ण बंद होतं का. टिप उंच असली तर बड पिनांवर टेकत नाही आणि सकाळी एकच बड चार्ज झालेला सापडतो.

अवांतर: दारात किंवा खिडकीत वारा थेट बाहेरच्या माइकच्या भोकावर आदळतो. चिप त्यालाच गोंगाट समजते आणि कानात फडफड सुरू होते. बड खराब नाही. ॲपमध्ये विंड नॉइजचा पर्याय असेल तर तो लावा, नाहीतर तेवढ्यापुरतं एएनसी बंद.

ग्रँटरोडकर
+१, टिपबद्दल तर दोनदा.

तुमच्या बजेटमध्ये वनप्लस नॉर्ड बड्स ३ प्रो, रिअलमी बड्स एअर ६ आणि सीएमएफ बड्स बघा. तिघांत एएनसी आहे, पहिले दोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येतात. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यासह आवाज पाठवणारा कोडेक) या तिघांत नाही, रिअलमीत त्याच प्रकारचं एलएचडीसी आहे. पहिले दोन लाँचला ३२९९ चे होते, सीएमएफ २४९९ चे, सेलमध्ये उतरतात. फोनवर बोलणं जास्त असेल तर दांडीवाले बरे, माइक तोंडाच्या जवळ येतो.

बॅटरीचे मोठे आकडे बहुधा एएनसी बंद ठेवून काढलेले असतात. 'एएनसी चालू' असा वेगळा आकडा शोधा. तुमच्या अडीच तासांना तो सहज पुरेल.

स्टेशनबाहेर मिळणाऱ्या फर्स्ट कॉपीत एएनसीचा 'टुंग' वाजतो, पण पुढे काहीच होत नाही. दुकानात गाणं न लावता टेबल फॅनजवळ उभं राहून एएनसी चालू-बंद करा. फॅनची घरघर स्पष्ट खाली गेली पाहिजे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतलेत तरी जीएसटी बिल घ्या, वॉरंटीला तेच मागतात.

चौथी_सीट
एलडॅकवाले घेतले तर लॅपटॉपही सोबत चालेल? आणि दादर, ठाण्याला आवाज तुटतो असं ऐकलंय, खरं का?

सोल्डरगन
बऱ्याच बड्समध्ये एलडॅक आणि दोन उपकरणं एकदम चालत नाहीत, एक चालू केलं की दुसरं बंद होतं. तुम्हाला एएसी (नेहमीचा, साधा कोडेक) पुरे.

तुटतो, खरं आहे. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी तो सिग्नल शोषतं. गर्दीत फोन मागच्या खिशात असेल तर तुमचं स्वतःचंच शरीर मध्ये येतं. शर्टाच्या खिशात किंवा पुढे घेतलेल्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. गेम मोड बंद करा. त्यात बफर (बडमध्ये आधीच साठवलेला आवाज) लहान होतो आणि जरा अडथळा आला की आवाज तुटतो. एलडॅक लावलंच तर त्याच्या सगळ्यात वरच्या, ९९० केबीपीएसच्या वेगावर अडवून ठेवू नका.

गंजका_पिन
पावसाचं राहिलं. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, धार नाही. नॉर्ड आणि रिअलमीचे हे बड्स आयपी५५ आहेत, पण ते रेटिंग बडचं, डबीचं नाही. भिजलेला किंवा घामट बड तसाच डबीत टाकला की चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि मग एक बाजू चार्ज होणं बंद. सुक्या कपड्याने पुसा, थोडा वेळ उघड्यावर ठेवा, मगच डबीत. थर आलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला कापूसबोळा फक्त पिनांवर फिरवा, आवाज बाहेर येतो त्या जाळीवर नाही.

जाळी साफ करताना तोंड खाली धरून मऊ, कोरडा ब्रश. टाचणी घालू नका, मळ आत जातो. एक बड हळू वाजणं आणि एएनसी लावल्यावर बारीक शीळ येणं, दोन्हीमागे पुष्कळदा तुंबलेली जाळी किंवा माइकचं भोकच असतं. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी तेवढं बघा.

आणि फलाटावर उतरताना ट्रान्स्परन्सी मोड (बाहेरचा आवाज आत सोडणारा) लावा. 'गाडी या स्टेशनावर थांबणार नाही' ही घोषणा ऐकू यायला हवी.