शब्दचर्चा : पात्र ‘डोळ्यांसमोर उभं राहतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

कोरीपाटी :
कथा-कादंबरी वाचताना पात्राचं जे रूप मनात तयार होतं, त्याला मराठीत सुटसुटीत शब्द आहे का? एका लेखासाठी हवा आहे. ‘मनःप्रतिमा’, ‘कल्पनाचित्र’, ‘मानसचित्र’ हे तिन्ही लिहून खोडले. माझी अडचण अशी की मला वाचताना चित्र म्हणून काही दिसतच नाही. नायिका उंच आहे हे कळतं, आवाज घोगरा आहे हे कळतं, ती दारात थबकली की ते थबकणं जाणवतं. पण तिचं नाक कसं आहे असं विचाराल तर सांगता येणार नाही. मग ‘ती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली’ असं मी म्हणू शकते का?

बोरू :
खुशाल म्हणा. वाक्प्रचारात ‘उभं राहणं’ आहे, ‘दिसणं’ नाही. उभं राहण्यात अंगकाठी आली, ढब आली, माणूस जागा किती व्यापतो ते आलं. चेहरा आलाच पाहिजे असं नाही. चेहऱ्यासाठी आपण वेगळं बोलतो, ‘त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही’, आणि तेही बहुधा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाबद्दल. कादंबरीतल्या पात्राबद्दल कुणी तसं म्हणालं तर खुशाल समजा, त्यानं सिनेमा आधी पाहिलाय.

‘-चित्र’वाले शब्द खोडलेत ते बरं केलंत. चित्रकाराला नाक काढावंच लागतं. लिहिणाऱ्याला ते वगळता येतं, आणि वाचणाऱ्याला ते वगळलेलं कळतही नाही.

दीर्घऊकार :
‘व्यक्तिरेखा’ का नको? रेखा म्हणजे नुसती बाह्यरेषा, आत रंग नाही. कोरीपाटींना जे जाणवतं ते तेवढंच आहे. ‘व्यक्तिचित्र’ मात्र वेगळं : ते खऱ्याखुऱ्या, बहुतेक वेळा ओळखीच्या माणसावर लिहितात. हल्ली दोन्हींची सरमिसळ होते. (‘पात्र’ म्हणजे भांडं, यावरची कोटी टाळतो आहे. नोंद घ्यावी.)

बोरू :
घेतली. पण व्यक्तिरेखा लेखकाच्या कागदावर असते. प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात काय असतं याचा आहे.

तळटीप :
थोडं मागं जाऊन सांगतो, लांबेल.

‘नखशिखांत’ हा शब्द आपण आता भिजण्यापुरता आणि हादरण्यापुरता ठेवला आहे. एके काळी ती वर्णनाची शिस्त होती. संस्कृत काव्यात संकेत असा, की देवाचं वर्णन पायांपासून वर न्यावं आणि माणसाचं डोक्यापासून खाली आणावं. एकेक अवयव, त्याला एकेक उपमा. गंमत अशी की कमळासारखे डोळे, चाफेकळी नाक, शंखासारखी मान असा सगळा ऐवज गोळा झाला तरी त्यातून माणूस तयार होत नाही. हजार नायिकांना हेच वर्णन लागू पडतं.

असं का होतं, यावर गॉटहोल्ड लेसिंग या जर्मन लेखकानं १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात नेमकं बोट ठेवलं. चित्राचे भाग एकदम दिसतात, शब्दांतले एकामागून एक येतात. हनुवटीपाशी पोचेपर्यंत कपाळ निसटलेलं असतं. त्याचा दाखला प्राचीन ग्रीक कवी होमरच्या हेलनचा. जिच्यापायी एवढं युद्ध पेटलं, तिच्या नाकाडोळ्यांचा हिशेब होमर देतच नाही. तटावर बसलेले ट्रॉयचे म्हातारे तिला येताना पाहतात आणि आपसांत म्हणतात, हिच्यासाठी लोकांनी इतकी वर्षं हाल सोसले यात दोष कसला. झालं वर्णन.

आपला ‘नाकीडोळी नीटस’ मला त्याच जातीचा वाटतो. त्यात नाकाबद्दल अवाक्षर नाही, पाहणाऱ्याचा शेरा आहे. वाचणारा तो शेरा मान्य करतो आणि पुढं जातो. कुणीही थांबून नीटस म्हणजे किती नीटस असं विचारत नाही.

शाईडाग :
मी कथा लिहिते, म्हणून पलीकडच्या बाजूचं सांगते. वाचणाऱ्यांचा समज असा असतो की लेखकाला सगळं लख्ख दिसत असतं आणि तो त्यातलं थोडंच देतो. माझ्या बाबतीत तरी तसं नाही. मला पात्र आधी ऐकू येतं. केस कसे आहेत हे कथेत कुणी ते ओढल्याशिवाय मलाही माहीत नसतं.

मोठ्यांचं काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तल्या नायिकेचे, एमा बोव्हारीचे, डोळे एका ठिकाणी तपकिरी, दुसरीकडे काळे, आणखी एका ठिकाणी उजेडात गर्द निळे आहेत. शब्द तोलून मापून वापरण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा लेखक. त्यानंच १८६२ साली एका पत्रात ठणकावलं की मी जिवंत असेतो माझ्या पुस्तकांत चित्रं येणार नाहीत. कारण काय, तर रेखाटलेली बाई एका विशिष्ट बाईसारखी दिसते आणि तिथंच सगळं संपतं. लिहिलेली बाई हजार बायकांची आठवण करून देते.

तळटीपांना विचारते : हजार नायिकांना लागू पडणारं वर्णन तुम्ही दोष धरलात. फ्लोबेर तर त्यालाच गुण म्हणतोय!

तळटीप :
फरक आहे. चाफेकळी नाक हे लेखकाला स्वतःला काही सुचलं नाही म्हणून आलेलं असतं. फ्लोबेर जागा मोकळी सोडतो, आणि भोवतीचं सगळं इतकं नेमकं लिहितो की ती मोकळी जागा जाणवू नये. पण तुमचा टोला बसला.

काफ्काचंही तसंच. त्याची ‘रूपांतर’ ही कथा, जिच्यात नायक सकाळी उठतो तो किडा होऊनच, छापायला निघाली तेव्हा ऑक्टोबर १९१५मध्ये त्यानं प्रकाशकाला कळवलं की मुखपृष्ठावर तो किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. प्रत्यक्ष मुखपृष्ठावर आला तो तोंड झाकून घेतलेला एक माणूस आणि मागं उघडं दार, आत काळोख.

बोरू :
उलटं उदाहरण शेरलॉक होम्सचं. १८९१पासून सिडनी पॅजेटनं ‘स्ट्रँड’ मासिकात त्याची चित्रं काढली आणि ती कानझाकणी टोपी कायमची डोक्यावर बसली. मजकुरात एका कथेत कानपट्ट्यांच्या प्रवासी टोपीचा उल्लेख आहे, बस्स. आता टोपी काढून होम्सची कल्पना करून बघा, जमत नाही.

कोरीपाटी :
हे सगळं ठीक, पण मला जे होतं, म्हणजे दिसतच नाही, ते कितपत सर्वसाधारण?

मधलीओळ :
त्याला अलीकडं नाव मिळालंय. एक्सेटर विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ‘अफँटेशिया’ हा शब्द रूढ केला. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, थबकणं जाणवतं म्हणता त्या अर्थी काहीतरी उमटत असणार. पण शब्दचर्चेच्या दृष्टीनं त्याआधीची गोष्ट जास्त मजेदार आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८०मध्ये लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, चित्र किती स्पष्ट आहे, रंग आहेत का. शास्त्रज्ञ मंडळींपैकी बऱ्याच जणांनी कळवलं की असं काही दिसत नसतं, ‘मनाचे डोळे’ वगैरे बोलण्याची नुसती रीत आहे. इतरांना खरोखर दिसतं यावर त्यांचा विश्वासच बसेना. म्हणजे एकच वाक्प्रचार, कुणी तो शब्दशः घेतंय, कुणी अलंकार म्हणून, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

दुसरं, डेव्हिड मार्क्स या मानसशास्त्रज्ञाची १९७३ची प्रश्नावली आहे, मनातलं चित्र किती ठसठशीत ते मोजणारी. तिची सुरुवात ओळखीच्या माणसापासून होते आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारते : चेहऱ्या-खांद्यांची नेमकी बाह्यरेषा, डोकं-अंग धरण्याची लकब, चालण्याची तऱ्हा, कपड्यांचे रंग. मराठीत लगेच शब्द हाताशी येतात : ठेवण, ढब, चाल, पेहराव. कोरीपाटींना पहिला आणि चौथा रकाना कोरा वाटतो, मधले दोन भरलेले.

दीर्घऊकार :
त्यात ‘चर्या’ घाला. ठेवण हाडांची, बदलत नाही. मुद्रा क्षणाची. चर्या या दोन्हींच्या मधली, आणि मुळात अर्थ वागण्याचा, जसं दिनचर्या. म्हणजे वागणंच चेहऱ्यावर उतरलेलं. वाचताना माणूस कळतो तो बहुधा असाच.

बोरू :
मग ‘ध्यान’च घ्या की. देवतेचं ध्यान म्हणजे मनापुढं आणायचं रूप, आयुधांसकट सांगितलेलं. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान’ त्याच अर्थाचं. प्रश्नात मागितलंय ते अक्षरशः हेच.

शाईडाग :
‘कादंबरीच्या नायिकेचं ध्यान’ असं छापा आणि पुढं काय होतं ते बघा. ‘काय ध्यान आहे!’ यानं तो शब्द कधीच पळवून नेलाय.

कोरीपाटी :
हसले. लेखात ‘रूप’ ठेवते, आणि जिथं मला काय होतं ते सांगायचंय तिथं ‘चर्या’. ‘उभी राहिली’ बिनधास्त वापरणार. एक शेवटचं : डोळ्यासमोर की डोळ्यांसमोर?

दीर्घऊकार :
डोळे दोन, म्हणून लेखनात अनुस्वार. बोलताना तो गळतो आणि कुणाचं अडत नाही. छापताना मात्र सगळीकडं एकच ठेवा.