मदत हवी आहे: हायवे रुंद होतोय, सायकल घेऊन ओलांडायचा कसा?

आमच्या वस्तीलगतचा दुपदरी हायवे चौपदरी होतोय. शाळा पलीकडे. नकाशात ओलांडायला फक्त पादचारी पूल आहे, तोही जिन्याचा. सायकल खांद्यावर घेऊन चढायची का? लोक दुभाजकातल्या फटीतूनच जाणार, हे उघड आहे. दुभाजक १.२ मीटरचा, सायकलची लांबी साधारण १.८, म्हणजे मध्ये थांबलं की मागचं चाक गाड्यांच्या लेनमध्ये.

लेखी हरकत दिली आहे. दोन दिवस सकाळी उभं राहून ओलांडणाऱ्यांची मोजणीही केली. रस्त्याच्या अधिकाऱ्यांचं उत्तर आलं, "सायकली कमीच आहेत." रस्ताच इतका भीतीदायक असेल तर जास्त दिसणार कुठून!

भुयारी मार्ग सुचवू नका, खोदलं की लगेच पाणी लागतं. जादा जमीनही मिळणार नाही. सिग्नलला अधिकारी तयार आहेत, पण ओलांडायचा वेळ सेकंदाला १.२ मीटर या चालीने धरतात. म्हातारी माणसं त्यात पोचत नाहीत.

आराखडा अजून पक्का झालेला नाही. लेन थोड्या अरुंद करून दुभाजक किमान २ मीटर करा आणि दोन टप्प्यांत ओलांडू द्या, अशी मागणी कुणी मान्य करून घेतली आहे का? अर्जासोबत नेमकं काय जोडलं होतं?