मदत हवी आहे: अंगणाचे कोलाज चित्र, माणसे आणि झाडे जमिनीवर टेकत नाहीत (स्केचअप, फोटोशॉप)

नमस्कार मंडळी,

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, राहायला नेरुळला. या सत्राचा माझा प्रकल्प सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधल्या एका अंगणाचा आहे. त्याच्या चित्रांवर अडले आहे.

ज्यांना ही वसाहत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था) ती केली. ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात घरे. असे तीन गट एकत्र येऊन १२ बाय १२ मीटरच्या चौकाभोवती २१ घरे, आणि पुढे त्याहून मोठी मोकळी जागा. शेजारच्या दोन घरांची भिंत सामायिक नाही, कारण ज्याला जेव्हा जमेल तेव्हा आपले घर वाढवता यावे हाच मूळ विचार होता. घरे वाढलीही. कुणी मजला चढवला, कुणी पाडून नवीन बांधले, पांढऱ्या भिंती आणि उतरती कौले असलेली मूळची घरे आता शोधावी लागतात. मी निवडलेले अंगण मात्र अजून मोकळे आहे.

माझा प्रस्ताव लहान आहे. सावलीसाठी एक हलके छत, भिंतीलगत बसायला कट्टा आणि पागोळ्यांचे पाणी जिरवायला शोषखड्डा. चित्र आधी तिथल्या रहिवाशांना दाखवायचे आहे, ज्युरीला (परीक्षकांना) नंतर. म्हणूनच मला रेंडर (संगणकाने काढलेले फोटोसारखे चित्र) नको आहे. चकचकीत रेंडर समोर ठेवले की बघणाऱ्याला वाटते सगळे ठरून गेले आहे, आपण आता फक्त टाइलचा रंग सांगायचा. ज्या वसाहतीची कल्पनाच मुळी लोकांनी आपल्या हाताने घर पूर्ण करण्याची होती, तिथे असे चित्र घेऊन जायला मला मनापासून नको वाटते. कोलाजमध्ये, म्हणजे फोटोंचे तुकडे जोडून केलेल्या चित्रात, जोड दिसतात, रिकामी जागा राहते, आणि माणूस बोट ठेवून म्हणू शकतो की इथे आमची सायकल असते, इथे कट्टा नको.

आतापर्यंत केले ते असे. स्केचअपमध्ये साधे त्रिमितीय मॉडेल, टेक्स्चर (पृष्ठभागाचा पोत) नाही. डोळ्याच्या उंचीवर सीन (कॅमेऱ्याची ठरलेली जागा) लावून टू पॉइंट पर्स्पेक्टिव्ह (कोपऱ्यातून बघितल्यासारखे, लांब जाणाऱ्या रेषा दोन बिंदूंकडे). रेषांचा एक एक्सपोर्ट, सावल्यांचा एक. फोटोशॉपमध्ये रेषा सर्वांत वर मल्टिप्लायमध्ये (पांढरे जाते, काळ्या रेषा राहतात), मग भिंती-फरशीवर मी तिथे काढलेल्या फोटोंचे तुकडे क्लिपिंग मास्कने (खालच्या आकारापुरतेच दिसतील असे). इथवर बरे दिसते. माणसे, झाडे, दोरीवरचे कपडे घातले की बिघडते. माणसे हवेत तरंगतात. त्यांची उंची नीट मोजून घेतली तरी तरंगतातच, सावली देऊनही. नेटवर मिळणारी तयार कटआउट माणसे वापरून पाहिली, पण ती ओव्हरकोट आणि बूट घातलेली. बेलापूरच्या अंगणात ती कशी शोभतील?

दुसरी अडचण रंगांची. काही फोटो पावसाळी ढगाळ दिवसाचे, काही कडक उन्हातले. सगळे एकत्र आले की चित्र फाटके दिसते. प्रत्येक तुकडा वेगळा ओरडतो.

आणि एक कल्पना डोक्यात आहे, तिच्यावर मत हवे. पोर्तुगालमधल्या फाला आतेलियेसारखी कार्यालये आपल्या कोलाजमध्ये जुन्या चित्रांतल्या आकृती वापरतात. त्याच धर्तीवर मी जुने चित्रकार एम. व्ही. धुरंधरांच्या चित्रांतली माणसे घ्यावी का? ते १९४४ मध्ये गेले. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्या बाजूने अडचण नसावी.

शीट ए१ आकाराची आहे, लॅपटॉपला ८ जीबी रॅम. फाइल उघडायलाच वेळ लागतो. त्यावरही कुणी काही सुचवले तर फार बरे होईल.

प्रतिसाद: कौलारू

तरंगण्याचे कारण बहुतेक सावलीत नाही, फोटो कुठून काढला त्यात आहे. फोनचा मुख्य कॅमेरा बराच रुंद कोन घेतो, म्हणून आपण माणसाच्या दोन मीटर जवळ जाऊन फोटो काढतो. त्या फोटोत त्याची चप्पल वरून दिसते, चेहरा समोरून. तुमच्या मॉडेलमधला कॅमेरा मात्र त्याच्यापासून दहा-बारा मीटर लांब आहे, तिथून चप्पल जवळजवळ बाजूने दिसायला हवी. डोळ्याला हा फरक लगेच कळतो, नाव देता येत नाही इतकेच. तेव्हा फोटो लांब उभे राहून, झूम करून काढा, आणि फोन मॉडेलमधल्या कॅमेऱ्याच्याच उंचीवर धरा.

उंचीचे मोजमाप करत बसू नका. सपाट जमिनीवर, डोळ्याच्या उंचीच्या सीनमध्ये, उभ्या मोठ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच (कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी रेषा) येतात, जवळचा असो की लांबचा. पाय तेवढे वर-खाली होतात. तिथे एक गाइड (फोटोशॉपमधली मदतरेषा) टाका आणि सगळ्यांना त्यावर टांगा. मांडी घालून बसलेल्यांचे डोळे त्या रेषेच्या आणि जमिनीच्या साधारण मध्यावर. मुले खाली. जोत्यावर उभा असलेला माणूस जोत्याच्या उंचीइतका रेषेच्या वर.

आणि एक विचारतो, टू पॉइंटच का? अंगण चौकोनी आहे. समोरच्या भिंतीला काटकोनात कॅमेरा ठेवून वन पॉइंट (लांब जाणाऱ्या रेषा एकाच बिंदूकडे) घ्या. मग समोरची भिंत चित्रात सरळ चौकोन राहते आणि तिच्यावर समोरून काढलेला फोटो न वाकवता तसाच बसतो. दार, खिडकी, दोरीवरचे कपडे, तुळशीवृंदावन, सगळे समोरून. कोलाजला हा व्ह्यू फार मानवतो. फक्त ८ मीटरवरून ८ मीटर रुंद भिंत पूर्ण दिसायला सुमारे ५३ अंशांचा आडवा कोन लागतो आणि कडा ताणल्या जातात. मॉडेलमध्ये अलीकडचे घर लपवून कॅमेरा १६ मीटरवर न्या, कोन २८ अंशांवर येतो, चित्र शांत होते.

प्रतिसाद: पागोळी

कौलारू यांच्याशी सहमत, पण फरशी आणि बाजूच्या भिंती मॉडेलमध्येच टेक्स्चर लावून घ्या. खोलीत जाणारी जमीन फोटोशॉपमध्ये हाताने ओढून बसवली की पेव्हर ब्लॉकच्या ओळी हमखास चुकतात, आणि जमीन चुकली की तिच्यावरचे सगळेच तरंगते.

एक एक्सपोर्ट अजून करा: प्रत्येक मटेरियलला वेगळा सपाट रंग, सावल्या आणि रेषा बंद, अँटिअलायझिंग (कडा मऊ करणे) बंद, सीन तोच. ही फाइल छापायची नाही, मॅजिक वाँडने (एका रंगाचा भाग निवडणारे साधन) भिंत किंवा छत निवडायला ठेवायची. मास्क काढण्याचा अर्धा त्रास वाचतो.

सावल्यांबद्दल. मॉडेलला बेलापूरचे स्थान दिले आहे ना? आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाशी गोळा होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेला. तुमचे छत सावलीसाठी आहे, तर मे महिन्याची दुपार दाखवा, तीच खरी कसोटी. तयार झाडांच्या फोटोंत ऊन बहुतेक वेळा तिरके असते, त्यामुळे ती आपल्याकडे परकी वाटतात. त्यापेक्षा ढगाळ दिवशी झाडांचे, माणसांचे फोटो काढा. त्यांत स्वतःची सावली नसते, मॉडेलची सावली त्यांच्यावर घालता येते.

प्रतिसाद: सेक्टर आठ

मी आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये बरीच वर्षे राहते. चित्रे मला कळत नाहीत, पण एक सांगते बेटा. धुरंधरांची चित्रे सुंदरच आहेत. तरी आमच्या अंगणात नऊवारीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बायका दाखवल्यास तर लोक चित्राचे कौतुक करतील आणि घरी जातील. आपले काही त्यात आहे असे त्यांना वाटणार नाही. आमच्याकडे संध्याकाळी कोण कुठे बसते ते येऊन बघ. कपडे कुठे वाळतात, स्कूटर कुठे लागते, पावसात पाणी कुठल्या कोपऱ्यात साचते ते विचार. फोटो काढायच्या आधी मात्र प्रत्येकाला विचार, आणि मुलांचे फोटो आईवडिलांना सांगितल्याशिवाय नको.

प्रतिसाद: धागाकर्ती

काकू, मनापासून आभार. धुरंधरांची कल्पना सोडली. चेहरे न दाखवता, पाठमोऱ्या आकृती किंवा नुसता सपाट रंगाचा आकार ठेवला तर चालेल का, तेही तिथे येऊन विचारेन.

वन पॉइंट करून पाहिला. क्षितिजरेषेवर डोळे टांगल्यावर माणसे खरोखर उभी राहिली! रंगांचे मात्र अजून जमलेले नाही.

प्रतिसाद: कौलारू

रंगांआधी एक प्रश्न. बघणाऱ्याला आज असलेले काय आणि तुम्ही नवीन सुचवलेले काय, हे चित्रात कळते का? १९४२ मध्ये वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहे यांनी विमानांच्या कारखान्याच्या मोठ्या फोटोवर सपाट तुकडे चिकटवून एक संगीतसभागृह दाखवले. कारखाना फोटोत आहे, प्रस्ताव त्या तुकड्यांत. तुम्हीही तसेच करा. जे आज आहे ते सगळे फोटोचे, जे सुचवता आहात ते सपाट रंगाच्या कागदाचे. छत, कट्टा, शोषखड्डा या तिन्हींना टेक्स्चर देऊच नका. रहिवाशांना न सांगता समजेल की कागद आहे, म्हणजे अजून बदलता येईल. तुम्हाला हवे होते ते हेच ना?

याने रंगांचाही प्रश्न हलका होतो. फोटोंचे सगळे लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि त्यावर एकच ह्यू-सॅच्युरेशन लावून रंग निम्म्याने उतरवा. उन्हातल्या फोटोंना लेव्हल्समध्ये आउटपुट ३० ते २३५ करा, म्हणजे गडद काळे आणि लखलखीत पांढरे दोन्ही जातील आणि ते ढगाळ फोटोंजवळ येतील. शेवटी सर्वांत वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर, मोड ओव्हरले (करडा स्वतः दिसत नाही), त्यात थोडा एकरंगी नॉइज (बारीक दाणे). एकच दाणा सगळ्यावर पसरला की वेगवेगळ्या फोनचे फोटो एका कागदावरचे वाटतात.

प्रतिसाद: पागोळी

कागदाची युक्ती उत्तम. रॅमचे राहिले होते. ए१ भिंतीवर लावून दोन पावलांवरून बघायची, १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) पुरते, म्हणजे ३५०८ बाय ४९६७ पिक्सेल. ३०० ला हीच फाइल चौपट होते. झाडे-माणसे वेगळ्या फाइलमध्ये कापून, लहान करून मगच आणा. मोठ्या एक्सपोर्टमध्ये स्केचअपची रेषा केसासारखी बारीक होते, तेव्हा एक्सपोर्टच्या पर्यायांत रेषेची जाडी वाढवा.

आणि पूर्ण शीट छापायच्या आधी त्याच फाइलमधला ए४ एवढा तुकडा खऱ्या आकारात छापून बघा, छत आणि भिंत दोन्ही येतील असा. मॅट कागदावर छापा, ग्लॉसीवर सपाट रंग प्लास्टिकसारखे दिसतात.