धागा: बाजारात बुडतात ती सगळी मेंढरेच का?

खतावणी:
‘बाजारात बुडतात ती मेंढरे, मनाचे खेळ ज्याला समजले तो बुडत नाही,’ असे संथप्रवाही यांनी काल लिहिले आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. माणूस नफ्यातला शेअर घाईने विकतो आणि तोट्यातला उराशी धरून बसतो, हे शेफ्रिन आणि स्टॅटमन या वित्तशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ मध्येच मांडले. मी हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. त्याच काळात माझ्या वहीत एका शेअरची खरेदी किंमत लाल शाईच्या चौकटीत लिहिलेली होती, आणि भाव तिच्या पाव हिश्शावर आला तरी ‘मुद्दल सुटले की विकू’ म्हणत मी तो सहा वर्षे ठेवला. त्या चौकटीचा कंपनीच्या कमाईशी काडीचाही संबंध नाही, हे मला तेव्हाही पक्के ठाऊक होते.

संथप्रवाही:
हा दोष ज्ञानाचा नसून शिस्तीचा आहे. घेतानाच विकण्याची अट लिहून ठेवायला हवी होती. जानेवारी २०२१ च्या आरंभी गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी दुकानसाखळीचा शेअर वीस डॉलरच्या आत होता आणि २८ तारखेला तो ४८३ डॉलरपर्यंत गेला. एवढ्याशा दिवसांत त्या दुकानांचा धंदा बदलला नव्हता. इतरांचा नफा पाहून लोक धावत सुटले होते. त्यांना मेंढरे नाही तर काय म्हणावे?

रेघोटी:
त्या तेजीत शॉर्ट केलेल्या, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने उसने शेअर विकून बसलेल्या, बड्या फंडांना ते परत करण्यासाठी नाइलाजाने करावी लागलेली खरेदीही होती, ती आपण सोयीस्करपणे वगळलीत. शिवाय गर्दीमागे जाणे नेहमीच मूर्खपणाचे असते का? ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. ज्यांची ठेव विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेपलीकडे होती, त्यांनी धावू नये तर काय करावे?

संथप्रवाही:
सगळे थांबले असते, तर कदाचित बँकही तगली असती. घबराटीनेच ती बुडवली.

रेघोटी:
रोखे विकून झालेला १.८ अब्ज डॉलरचा तोटा बँकेने आदल्याच दिवशी स्वतः जाहीर केला होता. तो घबराटीने निर्माण केलेला नव्हता. आणि ‘सगळे थांबले असते’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा उच्चारू नका. एका वित्तसंस्थेबाहेर रांग लागली, तेव्हा माझे वडील ‘आपण गर्दीत शिरायचे नाही’ म्हणून घरी बसले. रांगेतल्या पहिल्यांना पैसे मिळाले. वडिलांच्या हाती पासबुक उरले. आपल्या व्याख्येने शहाणे तेच ठरतात.

संथप्रवाही:
ठेवीदारांपुरता तो शब्द मी मागे घेतो, कारण तिथे मागे राहिलेल्याचे खरोखरच नुकसान होते. शेअर बाजारात मात्र बाहेर राहणाऱ्याचे काहीच जात नाही, म्हणून तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे.

खतावणी:
काहीच जात नाही? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अवाजवी उत्साहाविषयी इशारा दिला, आणि त्यानंतर मार्च २००० पर्यंत नॅसडॅक हा तिथला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक जवळजवळ चौपट झाला. तो इशारा मानणाऱ्याला तीन वर्षांहून अधिक काळ मित्रांच्या नफ्याच्या गोष्टी ऐकत बसावे लागले असणार. त्या जागी आपण असता, तर आपली लिहून ठेवलेली अट किती महिने टिकली असती, एवढे प्रामाणिकपणे सांगावे.