नववीच्या पोरांना लायब्ररी वापरायला कशी शिकवता? सगळे एकच प्रिंटआउट आणतात

कृष्णाकाठची_बाई

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. गेल्या जूनपासून ग्रंथालयही माझ्याकडे आलंय कारण आमचे अर्धवेळ ग्रंथपाल रिटायर झाले आणि ती जागा काही भरली गेली नाही. दोन हजारांच्या आसपास पुस्तकं, आठ लोखंडी कपाटं, त्यातली सहा कायम कुलपात. टाइमटेबलमध्ये आठवड्याला एक तास ग्रंथालयाचा आहे, पण कुणी सर रजेवर असले की तो तास त्यांच्या वर्गावर जातो.

तर झालं असं की नववीला मी 'आपल्या जवळचा किल्ला' असा प्रकल्प दिला. 48 पोरं, त्यातल्या 31 जणांनी एकाच सायबर कॅफेतून काढलेलं तेच पान आणलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट तेच. मी रागावले आणि म्हटलं पुस्तकात शोधा की, तर एक मुलगी उठून विचारते, बाई, पुस्तकात शोधायचं म्हणजे पहिल्या पानापासून वाचत जायचं का? आणि ती मनापासून विचारत होती हो. मला रात्रभर झोप नाही लागली, कारण ही मुलं नऊ वर्षं शाळेत आहेत आणि पुस्तकाच्या मागं कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते हे त्यांना आम्ही कुणीच कधी दाखवलं नाही.

मला आठवड्याचा तो एक तास आहे. काय शिकवू, कुठून सुरुवात करू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

देवघेव_काउंटर

बाई, मी सीनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे, 19 वर्षं झाली. तुमच्या त्या मुलीसारखी मुलं माझ्याकडं एफवायला येतात तेव्हाही हाच प्रश्न असतो, फक्त तोवर लाज वाटायला लागलेली असते म्हणून विचारत नाहीत. तुमच्या वर्गात विचारलं गेलं ही फार चांगली गोष्ट आहे.

पहिलं म्हणजे कुलपं काढा. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी आहेत, आणि ते स्वतः आधी गणिताचे प्राध्यापक होते, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते 1924 मध्ये, त्यामुळं वर्गात बसलेल्या पोराला काय अडतं ते त्यांना नीट माहीत होतं. बंद कपाटासमोर उभं राहून ग्रंथालय शिकवता येत नाही.

दुसरं, ड्युईवर, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीवर, लेक्चर देऊ नका. सुरुवातीला 000 ते 900 पाठ करून घेतलंत तर पोरं कंटाळतील. मी असं करतो की पोराला एक चिठ्ठी देतो, त्यावर 598 लिहिलेलं, जा आणि या नंबरच्या आजूबाजूला कसली पुस्तकं आहेत ते सांग. ते पक्षी पक्षी म्हणत परत येतं. मग 633 दे, तिथं पिकं. 891.46 दे, तिथं मराठी साहित्य. चार चिठ्ठ्यांत त्याला कळतं की नंबर म्हणजे विषयाचा पत्ता आहे, आणि दाखल अंक वेगळा, तो फक्त आपल्या रजिस्टरमधला पुस्तकाचा अनुक्रम. तुमच्या पुस्तकांवर वर्गांक, म्हणजे हे विषयाचे नंबर, नसतील तर निदान विषयवार रंगीत पट्ट्या लावा, तेवढ्यानंही पोरं फिरायला लागतात.

आणि कोश बघायला शिकवाच. मुलांना बाराखडी येते पण कोशातला क्रम येत नाही. बऱ्याच कोशांत क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये असतो, काहींत दोन्ही शेवटी, म्हणून आधी कोशाच्या सुरुवातीची 'कोश कसा पाहावा' ही पानं वाचायची. पोरगं शेवटी जाऊन ज्ञ शोधतं, सापडत नाही आणि पुस्तकात नाही म्हणून बंद करतं. इथंच आपण त्याला गमावतो असं मला वाटतं.

शकावली

मी इतिहास शिकवतो. वरच्या सरांचं सगळं पटलं, पण पुस्तक सापडल्यावर पुढं काय? दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात तेव्हा पोरं गोंधळतात, आणि माझ्या मते खरं शिकवणं तिथं आहे.

माझा एक तास सांगतो. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष शोधा म्हणून मी पाच गटांना पाच पुस्तकं दिली. दोन गटांना 1627 सापडलं, तिघांना 1630. वर्गात नुसता दंगा, आमचंच बरोबर म्हणून. मग मी फळ्यावर दोन रकाने केले, पुस्तक कधी छापलं आणि लेखकानं कशावरून लिहिलं. जुने लेखक बखरींवरून लिहायचे, तिथून 1627 आलं. मग कारी गावच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंद, 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके 1551 आहे, महाराजांच्या काळातल्या परमानंद कवींच्या शिवभारत काव्यातही तेच, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पुढं राज्य सरकारनंही हीच तारीख मान्य केली.

आता गंमत बघा, पोरांनी लगेच नियम काढला की नवीन पुस्तक बरोबर. तर एक मुलगा 1990 नंतर छापलेलं गाइड घेऊन आला, त्यात 1627! जुन्यावरून उतरवलेलं. मग त्यांच्याच तोंडून आलं की साल बघून भागत नाही, सर, त्यानं कुठून घेतलं ते बघावं लागतं. हे वाक्य मी शिकवलेलं नाही, आणि त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

बाईंना सुचवेन की किल्ल्याचाच प्रकल्प परत द्या, पण विषय देऊ नका, प्रश्न द्या. 'किल्ल्याची माहिती' म्हटलं की प्रिंटआउट येणारच. 'किल्ल्यावर पाणी कुठून यायचं, दोन ठिकाणी शोध आणि कुठं सापडलं ते पान नंबरसकट लिही' म्हटलं की कॉपी करायला काही उरत नाही.

नेटकर_नाशिक

मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगी आठवीत. एवढंच म्हणेन की फोन बाजूला ठेवून हे शिकवू नका कारण मुलं घरी जाऊन फोनवरच शोधणार. दर दिवाळीला तो अवकाशातून दिसणाऱ्या रंगीबेरंगी भारताचा फोटो येतो ना, तो घेऊन बसा. तो एका रात्रीचा फोटोच नाही, अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञानं 1992 ते 2003 मधल्या सॅटेलाइटच्या नोंदी एकत्र करून केलेला नकाशा आहे, कोणत्या काळात कुठं दिवे वाढले ते रंगांनी दाखवलंय. 2012 मध्ये नासानं हे स्वतः सांगितलं आणि दिवाळीच्या सुमाराचा खरा फोटोही दिला, आणि दिवाळीचा जास्तीचा उजेड वरून जवळजवळ कळत नाही असंही. मुलीला मी फोटो टाकून तो मूळ कुठून आला ते सर्च करायला शिकवलं, तिनं स्वतः शोधून आजोबांना दाखवलं.

आणि चॅटबॉट. तो कधीकधी नसलेल्या पुस्तकांची नावं अगदी लेखकासकट देतो. त्यानं सांगितलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये शोधून दाखव, हा चांगला खेळ होईल. विश्वकोशाची नोंद नेटवर फुकट आहे, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते बघायची सवय लावा.

पाटी_पेन्सिल

सगळं छान आहे पण कुलपं का असतात ते कुणी बोललं नाही. पुस्तक हरवलं की चार्ज ज्याच्याकडं त्याच्याकडून वसुली. माझ्या बहिणीनं एका शाळेत असताना पगारातून भरलेत. बाईंनी कपाटं उघडायच्या आधी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावं.

देवघेव_काउंटर

हे अगदी बरोबर, राहून गेलं माझ्याकडून. बाई, पुस्तक पडताळणी करून घ्या, म्हणजे रजिस्टरमधलं प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का ते बघून घ्या, जे आत्ताच गहाळ आहे ते तुमच्या नावावर येता कामा नये. आणि रोज दोन पोरांना नेमा, देवघेवीचं रजिस्टर त्यांनाच लिहू द्या. माझा अनुभव आहे की ज्याच्या हातात रजिस्टर असतं तो पुस्तक हरवू देत नाही.

कृष्णाकाठची_बाई

सगळ्यांचे खूप आभार, मी वहीत उतरवून घेतलंय. आज हेडसरांशी बोलले, पडताळणीला परवानगी दिली आणि ग्रंथालयाचा तास दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असंही कबूल केलं. शनिवारी किल्ल्यांचं आणि कोशांचं अशी दोन कपाटं उघडतेय. शकावली सर, पाण्याचाच प्रश्न देते पहिला. आणि रजिस्टर त्या मुलीकडं देणार आहे, सूची कशी बघायची ते तिला मी काल मधल्या सुट्टीत दाखवलं, तर तिनं उभ्या उभ्या 'टाकी' शब्द शोधून चार पानं काढून दिली.