मदत हवी आहे: ज्वालामुखीजवळच्या भूकंपांची खोली ठरेना

लातूरहून विचारतेय. एमएस्सीच्या प्रकल्पात हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीचे २०१८ मधले छोटे भूकंप नेमके कुठे झाले ते हायपोइन्व्हर्सने (भूकंपाची जागा आणि खोली काढणारा संगणक प्रोग्राम) शोधतेय. नकाशावरची जागा बरी येते, खोलीचं मात्र काही खरं नाही. प्रोग्रामला सुरुवातीची अंदाजी खोली ५ किमी दिली की बरेचसे तिथेच चिकटतात, २ दिली तर काही चक्क जमिनीच्या वर येतात!

आठ भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी आहेत. पी लहरी (आधी पोचणाऱ्या) स्पष्ट, एस (मागून येणाऱ्या) फक्त तीन ठिकाणी वाचता येतात. आधी किल्लारी भूकंपाच्या सरावातलं वेगप्रारूप (कोणत्या खोलीवर लहरींचा वेग किती, याचा तक्ता) चुकून तसंच राहिलं होतं. ते बदलून हवाईचं घातलं, केंद्रनिहाय वेळेची दुरुस्तीही केली. फरक थोडाच पडला. जास्त केंद्रं मिळणार नाहीत.

शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे, किनाऱ्याकडची केंद्रं बरीच खाली. मग शून्य खोली नेमकी कुठे धरायची, आणि तीनच एस वाचनांवर खोलीचा भरवसा कितपत ठेवायचा?